पाळी यावी म्हणून

कानाशी तोंड आणून त्या बाईने आपले मागणे सांगितले, तेव्हा आलिंग ब्रिहिदाच्या बोटांतील माळ थांबली. आणि मागण्यापेक्षा माळ थांबली याचाच तिला अधिक धक्का बसला. दोलोरोसा मातेच्या चर्चच्या पायऱ्यांवर बसून परक्यांसाठी प्रार्थना म्हणण्याचा व्यवसाय तिने उभ्या आयुष्यात इतका केला होता, की मनुष्याच्या अंतःकरणात उद्भवू शकणारी प्रत्येक इच्छा आपल्या कानावरून एकदा तरी गेलेली आहे, अशी तिची समजूत होती. मनिलात ज्यांना वेळ नाही, ज्यांना शब्द सुचत नाहीत, किंवा ज्यांना आपला आवाज वरपर्यंत पोहोचेल असा भरवसा वाटत नाही, असे लोक आपले मागणे या पायऱ्यांवरच्या बायकांच्या स्वाधीन करतात आणि निर्धास्त मनाने बस पकडायला जातात. मुलाला बोटीवर नोकरी लागावी, कोंबडा झुंजीत जिंकावा, नवऱ्याने ठेवलेल्या बाईच्या तोंडावर फोड यावेत, हे सर्व ब्रिहिदाने सारख्याच स्वरात मातेच्या चरणी घातले होते. कोणालाही तिने कधी कारण विचारले नव्हते. न्हाव्याने जसे गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चालले आहे हे विचारू नये, केवळ केस पाहावेत, तद्वत तिचा नियम होता.

"माझी पाळी येऊ दे, असं म्हणा," ती बाई म्हणत होती. "आणि मी जगू दे. दोन्ही म्हणा, नाय. एकच नका म्हणू."

वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी ‘आलिंग’ लावावे, तशी परक्या म्हातारीला ‘नाय’, म्हणजे आई, म्हणण्याची रीत त्या शहरात इतकी सार्वत्रिक आहे की त्या हाकेने एरवी ब्रिहिदाच्या मनात काहीही हलत नसे. आज हलले. तिने मान वर करून पाहिले. बाई तिशीच्या आतबाहेरची होती. बस-अड्ड्यावरच्या वाफवलेल्या पावांच्या दुकानाचा पिवळा सदरा तिच्या अंगावर होता. सकाळचे ऊन अजून कोवळे होते, तरी तिच्या वरच्या ओठावर घामाची बारीक रांग उभी होती.

"नाव सांग."

"मारिव्हिक. मारिव्हिक सुमा..."

"पुरे. आडनाव देवाला लागत नाही, पोलिसांना लागतं."

मारिव्हिक हसली नाही. "कारण सांगू का?"

"मी विचारलं का? परीक्षेत पास व्हायचं म्हणून येतात, त्यांना मी विचारते का, बाबा, अभ्यास का नाही केलास?" एवढे बोलून ब्रिहिदाने आवाज खाली आणला. "घेतलंस?"

"पहाटे."

"घरी कोण आहे?"

"सासू. म्हणून तर इकडे आले. ती रोज तीन वेळा विचारते, तोंड का उतरलंय." मग ती म्हणाली, "दोन आहेत मला, नाय. दोन्ही गुणी आहेत. मला त्यांच्याकडे नीट बघता यायला हवं, एवढंच आहे. याला कारण म्हणतात की नाही, मला माहीत नाही."

"मी विचारलं नव्हतं," ब्रिहिदा म्हणाली. परंतु या वेळी ते वाक्य तिच्या तोंडून अतिशय मृदू निघाले. "तिकडे पुरिंगच्या मागे सावलीत बस. जास्त झालं तर दवाखान्यात जायचं, लाजायचं नाही. विचारतील. पाय घसरला म्हण, नाहीतर पोलिसांत कळवतील. ते ओरडतील, तू ओरडू नकोस."

आलिंग पुरिंगचे दुकान म्हणजे एक मोठी छत्री, तिच्याखाली फळी, आणि फळीवर तपकिरी मुळ्या, साली व कसलेसे काढे भरलेल्या बाटल्या. ‘पाळी आणणारे’ एवढेच त्या बाटल्यांचे नाव होते, आणि त्याहून अधिक नाव कोणी विचारीत नसे. चर्चच्या सावलीत, त्याच मातेच्या दृष्टीसमोर, एक बाई प्रार्थना विकते व दुसरी काढा विकते, या गोष्टीत दोघींनाही काही विसंगत वाटले नव्हते. दुपारी त्या एकाच डब्यातील भात आणि सुकी मासळी खात आणि एकमेकींच्या सुनांची निंदा करीत. पुरिंग या वेळी अत्यंत एकाग्रतेने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहात होती, आणि त्यावरूनच कळत होते की तिने सर्व काही पाहिले आहे. मारिव्हिक छत्रीमागच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली, तेव्हा पुरिंगने काही न बोलता पाण्याचा तांब्या तिच्या पायाशी सरकवला.

ब्रिहिदाने माळ पुन्हा धरली. मणी पुढे सरकेना. तिचे मन, ज्याला ती एरवी फार शिस्तीत ठेवीत असे, खोबरेल तेलात आले उकळल्याच्या वासाकडे निघाले. तो वास प्रत्यक्षात कोठेही नव्हता. तो गावाबाहेरच्या त्या वसाहतीतील होता, जिथे सरकारने त्यांना ट्रकमधून नेऊन सोडले होते आणि जिथे तिच्या नवऱ्याला, पोल्दोला, गोदीवरून परतायला अंधार पडे. तिला तेव्हा पाचव्यांदा दिवस गेले होते. धाकटे अजून अंगावर पीत होते. जिच्याकडे वसाहतीतल्या सर्व बायका मुरगळलेले पाय आणि अडलेली बाळंतपणे घेऊन जात, त्या म्हातारीचे अंगठे तिला आठवले. मऊ नव्हे, कठोरही नव्हे, कणीक मळणाऱ्या बाईसारखे आपल्या कामात मग्न. वर पत्र्याला एक भोक होते आणि त्यातून उन्हाची एक काडी तिच्या पोटावर पडली होती. म्हातारीचा हात त्या काडीत येई, सोनेरी होई, आणि बाहेर जाई. शेजारी कोणीतरी भाताच्या भांड्याची खरपुडी खरवडत होते. एवढ्या वेदनेतही आपल्याला भूक लागली आहे, हे जाणवून ब्रिहिदाला स्वतःचा विलक्षण अचंबा वाटला होता.

त्यानंतर ती रडली होती, किंबहुना पुष्कळ दिवस रडत होती. भाजी चिरताना, कपडे पिळताना, काही निमित्त नसताना. परंतु त्या रडण्याच्या तळाशी, सारवून वाळलेल्या जमिनीसारखे, एक स्वच्छ आणि कोरडे असे काही होते, ज्याच्यावर पाय ठेवून ती उभी राहू शकत होती. त्या जमिनीवर उभी राहूनच तिने चार मुले वाढवली. पुरिंग म्हणे, "त्यात काय एवढं, तटलेलं रक्त." ब्रिहिदाला ते कधीही पटले नाही. काहीच नव्हते असे ती आजतागायत म्हणाली नव्हती. काहीतरी होते. ते तिच्याकडे आले होते आणि तिने त्याला घरात घेतले नव्हते, आणि दार तिचे होते. या तीन गोष्टी तिच्या मनात एकाच फळीवर, एकमेकींना न ढकलता, इतकी वर्षे बसून होत्या. आणि जगातील शहाणी माणसे त्यांपैकी एकच उचलून बाकीच्या दोन फेकून का देतात, हे तिला उमजत नसे.

वृद्ध फादर क्रिस्पुलो होते तेव्हा उपासकाळात एकदा तिने पापनिवेदनाच्या खिडकीशी गुडघे टेकून हे सांगितले होते. जाळीपलीकडून त्यांनी विचारले, "पश्चात्ताप होतो ना, मुली?"

"दुःख होतं, फादर."

"ते मी विचारलं नाही."

"माहीत आहे. पण जे आहे ते सांगते. परत तीच वेळ आली, तर परत तेच करीन, आणि परत रडेन."

"पश्चात्ताप नसेल, तर मला क्षमा देता येत नाही. माझ्या हातात नाही ते."

"म्हणून तर खोटं बोलत नाही तुमच्याशी."

त्यांनी खिडकी हलकेच लावून घेतली होती. आपटली नव्हती. पुढच्या उपासकाळात ती पुन्हा गेली आणि त्यांनी पुन्हा विचारले, आणि तिने पुन्हा तेच सांगितले; असे वर्षानुवर्षे चालले, आणि शेवटी शेवटी ते दोघे, उधारी कधीच न फेडणारे गिऱ्हाईक आणि तरीही दार उघडे ठेवणारा दुकानदार यांच्यासारखे, एकमेकांची वाट पाहू लागले होते. ते वारले, तेव्हा त्यांच्या शवपेटीजवळ तिने सर्वांत मोठ्याने प्रार्थना म्हटली. मात्र इतक्या काळात प्रभूचा प्रसाद तिने जिभेवर घेतला नव्हता. रांग लागली, की तिला एकाएकी बाहेरच्या मेणबत्त्या आठवत. सगळ्या पायऱ्यांना ठाऊक होते, की ब्रिहिदाला प्रसादाच्या वेळी नेमके काम निघते. सोबतिणी त्यावरून टोमणे मारीत. तेरेसिंग तर म्हणे, "हिच्या मेणबत्त्या देवापेक्षा उपाशी असतात." असत्य बोलून आत जाण्यापेक्षा सत्य बोलून बाहेर उभे राहणे तिने पत्करले होते. मात्र ती तिथेच, दाराशीच उभी होती. घर सोडून गेली नव्हती.

"आलिंग ब्रिहिदा."

फादर आन्सेल्मो पायऱ्या उतरून आले होते. ते तरुण होते, त्यांचे कान किंचित मोठे होते आणि चेहऱ्यावर झोप न झाल्याची प्रामाणिक छाया होती. या चर्चमध्ये आल्याला त्यांना फार काळ लोटला नव्हता. तरी तेवढ्यात त्यांनी प्रार्थना म्हणणाऱ्या सर्व बायकांना निळ्या बंड्या शिवून दिल्या, गळ्यात ओळखपत्रे घातली, आणि बंडी नसेल तिने पायरीवर बसू नये असा दंडक घातला होता. सोबतिणी कुरकुरल्या; ब्रिहिदाला मात्र बंडीचे दोन्ही खिसे आवडले होते.

"मध्यान्हीच्या माळेची तयारी झाली ना? आवाज तुमचाच लागेल. मी सगळ्या बायकांना त्या छत्रीसमोर उभं करणार आहे. शिवीगाळ नाही, ढकलाढकली नाही. फक्त प्रार्थना. प्रत्येक रहस्याआधी हेतू तुम्ही सांगायचा."

"काय सांगायचा हेतू, फादर?"

"आपल्या लेकरांना मारणाऱ्या आयांना पश्चात्ताप व्हावा. आणि मरण विकणाऱ्यांचे हात थांबावेत."

ब्रिहिदाने पुरिंगच्या छत्रीकडे पाहिले नाही. न पाहण्यासाठी मानेचे स्नायू किती आवळावे लागतात, हे तिला त्या क्षणी कळले. "त्या बाईबरोबर मी रोज जेवते, फादर."

"म्हणूनच तुमचं तिच्यापर्यंत पोहोचेल." त्यांनी घसा साफ केला. ते पुढे जे बोलले ते प्रवचनाच्या स्वरात नव्हते. ते बोलताना त्यांचे मोठे कान लाल झाले. "मी तुम्हाला एक सांगतो. माझी आई याच चौकात आली होती. मी पोटात असताना. बाटली हातात घेतली होती तिनं. मग आतून घंटा वाजली आणि ती बाटली ठेवून घरी गेली. मी पुस्तकातलं बोलत नाही, आलिंग. मी त्या बाटलीतून वाचलेला माणूस आहे."

ब्रिहिदाचे हृदय हेलावले. हा मुलगा, कारण तो मुलगाच होता, आपल्या असण्याचा साक्षात पुरावा होऊन तिच्यासमोर उभा होता, आणि असल्या पुराव्यापुढे कोणी काय बोलावे. तो नसता, तर त्याचे ते लाल कान नसते. तिने हे पूर्णपणे मान्य केले. आणि मान्य करता करताच तिच्या मनात दुसरी एक स्त्री उभी राहिली, हातात बाटली घेतलेली, जिचे नावही या कथनात आले नव्हते. आत घंटा वाजते आहे, आणि ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते आहे.

"घंटा तर सगळ्यांनाच ऐकू येते, फादर," ती म्हणाली. "तुमची आई परत फिरली ती तिच्या पायांनी. कुणी समोर उभं राहून तिला वळवलं नाही."

"म्हणजे?"

"तिनं ठरवलं. म्हणून तर तुम्हाला ते एवढं मोठं वाटतं. ठरवलं नसतं, नुसतं ढकललं असतं घराकडे, तर काय सांगितलं असतंत तुम्ही?"

फादरांच्या मुद्रेवर राग नव्हता, बुचकळ्यात पडल्याचे दुःख होते. "मध्यान्ही," एवढेच म्हणून ते आत गेले.

त्यानंतरचा वेळ तिला उलगडून सांगता आला नसता. ऊन पायऱ्या चढत वर आले. कोणी एक म्हातारा नातवाच्या दम्यासाठी मागणे देऊन गेला, ते तिने यथाविधी म्हटले. मध्येच छत्रीमागून एक दाबलेला कण्हण्याचा आवाज आला आणि पुरिंगने लगेच मोठ्याने गिऱ्हाइकांना हाका मारायला सुरुवात केली, ज्या ती एरवी कधी मारीत नसे. ब्रिहिदाने आपल्या पोटावर हात ठेवला. म्हातारे, सुरकुतलेले, कधीच निकामी झालेले पोट. परंतु त्याच्या आत काहीतरी त्या कण्हण्याबरोबर आवळून आले. आपण भीत आहोत काय, असे तिने स्वतःला विचारले. पायरी जाईल, हे उघड होते. पायरी गेली, तर ती काय करणार होती? सुनेच्या घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि सून शेजारणीला सांगणार, म्हातारीला चर्चमधून हाकलले. पण त्या भीतीखाली तिला दुसरीच एक भीती सापडली, आणि ती अधिक जुनी होती: की आपण मध्यान्ही तोंड उघडू, आणि त्यातून आपला नव्हे असा हेतू बाहेर पडेल, आपल्याच उत्तम आवाजात, आणि ती स्टुलावरची बाई तो ऐकेल. मग जाळीपाशी इतकी वर्षे खरे बोलून काय मिळवले?

घंटा झाली. निळ्या बंड्यांतल्या बायका पायऱ्या उतरल्या आणि पुरिंगच्या छत्रीसमोर अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. काही जणींना लाज वाटत होती आणि काही जणींना मजा; तेरेसिंगने पुरिंगला डोळ्यांनीच, माझ्यावर रागावू नकोस, असे सांगितले. पुरिंग दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. तिच्या मागे, छत्रीच्या दांड्याआड, पिवळ्या सदऱ्याचा एक खांदा दिसत होता. फादरांनी ध्वनिक्षेपक ब्रिहिदाच्या हाती दिला. तो तिच्या अपेक्षेपेक्षा जड होता आणि त्याला आधीच्या कोणाच्यातरी श्वासाचा वास होता.

त्या चौकात मध्यान्हीच्या माळेची एक रूढी होती. माळेच्या पाच भागांना रहस्ये म्हणतात; प्रत्येकाआधी पुढे उभी असलेली बाई हेतू, म्हणजे मागणे, सांगते आणि शेवटी ‘यासाठी आम्ही विनवतो’ असे म्हणते. त्याबरोबर ऐकणारे सगळे ‘प्रभू, आमचं ऐक’ असे उत्तर देतात. बायका तर देतातच, पण नारळ विकणारे, बूट पुसणारे, सिग्नलवर उभा असलेला पोलीस, जीपनीत, म्हणजे त्या शहरातल्या लांबट जीपगाडीत, बसलेले उतारूसुद्धा देतात. हेतू काय होता हे कोणी ऐकत नाही. जन्मापासून जिभेला लागलेले उत्तर आपोआप येते, जांभईला जांभई यावी तसे.

"पहिले रहस्य," ब्रिहिदा म्हणाली, आणि तिचा आवाज चौकावर पसरला. तो थरथरत नाही हे ऐकून तिला बरे वाटले. "आज सकाळी एक बाई इथं आली. तिची पाळी यावी. तिचं रक्त यावं तेवढंच यावं, जास्त येऊ नये. ती जगावी, आणि तिला कुणी ओरडू नये. यासाठी आम्ही विनवतो."

"प्रभू, आमचं ऐक," चौक म्हणाला.

फादर आन्सेल्मोही म्हणाले. त्यांचा स्पष्ट, शिकलेला आवाज सर्वांत पुढे होता. ‘ऐक’ हा शब्द त्यांच्या ओठांवरून सुटला आणि ओठ तसेच उघडे राहिले. मग पहिल्या रांगेत समज उतरू लागली, तेरेसिंगने तोंडावर हात ठेवला, तिच्या शेजारणीने क्रुसाची खूण केली, आणि मागच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, "काय म्हणाली? कुणाची काय?" नारळवाल्याने एका गिऱ्हाइकाला समजावून सांगितले आणि ते गिऱ्हाईक न पिता नारळ तसाच धरून उभे राहिले.

फादरांनी पुढे होऊन ध्वनिक्षेपक बंद केला. त्यांनी तो हिसकावून घेतला नाही, हे ब्रिहिदाने मनात नोंदवले.

"परत घ्या," ते अगदी हळू म्हणाले. "आलिंग, आत्ता. म्हणा की चूक झाली."

"कसं परत घेऊ, फादर? तुम्हीही ‘ऐक’ म्हणालात. सगळा चौक म्हणाला. ते गेलं आता वर."

"मी हे मागितलं नव्हतं."

"नाही. मी मागितलं." तिने मान वर केली. एवढ्या उंच माणसाकडे पाहायला तिला डोळे बारीक करावे लागले. "तुम्हीच म्हणालात, हेतू तुम्ही सांगायचा. मला जो होता तो सांगितला. माझ्याकडे दुसरा नाही."

"तुम्हाला कळतंय, तुम्ही कशासाठी प्रार्थना केलीत? तिथे एक जीव आहे."

"दोन आहेत," ब्रिहिदा म्हणाली. "मला एकीचं नाव माहीत आहे. तिनं मला नाय म्हटलं."

फादरांचे कान पुन्हा लाल झाले. क्षणभर असे वाटले की ते रडतील, आणि ब्रिहिदाला, अत्यंत अयोग्य वेळी, त्यांच्या गालाला हात लावावासा वाटला. "उद्यापासून पायरीवर येऊ नका," ते म्हणाले. "बंडी आत ठेवून जा."

"उद्याचं उद्या बघू. आज माळ सुरू झाली आहे. अर्धी टाकता येत नाही, तुम्हीच शिकवता."

आणि ध्वनिक्षेपकावाचून, नुसत्या घशाने, तिने पहिला मणी धरला. "नमो मरिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे, स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि धन्य तुझ्या उदराचं फळ येशू." ते शब्द तिने हजारो वेळा उच्चारले होते, आज ‘उदर’ या शब्दावर तिची जीभ अडली नाही; उलट ती स्वतःच त्या शब्दावर पाय रोवून उभी राहिली. तिच्या वाट्याचा अर्धा भाग संपला. उरलेला अर्धा समोरच्यांनी म्हणायचा असतो. तो एकट्या बाईने म्हणायचा नसतो.

कोणी म्हटला नाही. निळ्या बायका खाली पाहात होत्या. त्या सर्वांच्या चेहऱ्यांवर एकच भयंकर पेच दिसत होता: असल्या हेतूच्या माळेला उत्तर देणे पाप की मातेला घातलेला नमस्कार अर्धवट लोंबकळत ठेवणे पाप, आणि दोन्ही पापांसाठी सारखाच वेळ उपलब्ध होता. परक्यांसाठी माळ म्हणताना ब्रिहिदा नेहमी दोन्ही अर्धे एकटीच म्हणत आली होती. तिला ते सहज करता आले असते. तिने केले नाही. तिने तोंड मिटले, मणी चिमटीत धरून ठेवला, आणि उन्हात उभी राहिली. घामाचा एक थेंब तिच्या पाठीवरून बंडीच्या आत उतरत गेला. त्याचा सबंध प्रवास तिने अनुभवला.

"पवित्र मरिये, देवाच्या माते," छत्रीमागून आवाज आला. तो बारीक होता, आणि मध्येच दम लागून तुटला. "आम्हां पाप्यांसाठी..."

"...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर," पुरिंगने वाक्य उचलून संपवले. प्रार्थनेला उत्तर देताना तिला आजवर कोणीही पाहिले नव्हते. तिचे हात अजून कमरेवरच होते.

"आमेन," तेरेसिंग पुटपुटली, आणि लगेच फादरांकडे पाहून म्हणाली, "आमेन तर म्हणावंच लागतं, फादर, त्याला काय करणार."

ब्रिहिदाने दुसरा मणी धरला. फादर आन्सेल्मो तिच्या डाव्या हाताला, इतक्या जवळ उभे होते की त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. तो आत गेला आणि थांबला. ते उत्तर देणार की आत निघून जाणार, हे पाहण्यासाठी तिने मान वळवली नाही. तिने आवाज चढवला आणि नमस्कार पुन्हा सुरू केला.